उपनगरचीं माणसें : राहणारीं आणि येणारीं

रविवारीं सायंकाळीं विलेपार्ले स्थानकाच्या पश्चिमेकडील जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलें तर त्यांचे सरळ दोन भाग पडलेले दिसतात. एक भाग पिशवींत भाजी घेऊन घराकडे वळतो. दुसरा भाग मुलांचीं बोटें धरून जुहूकडे जाणारी बस अथवा रिक्षा शोधूं लागतो. या दुसऱ्या भागांत कल्याणचीं माणसें असतात, नालासोपाऱ्याचीं असतात, कित्येकदां जळगांवचीं आणि जौनपूरचींहि असतात. वाळूंत दोन तास बसावें, भेळ खावी, पाण्यांत पावलें भिजवावीं आणि सूर्य बुडाला कीं परत फिरावें, एवढाच त्यांचा या भूमीशीं संबंध. त्याच वेळीं स्थानकाच्या पूर्वेस विमानतळावर दर दीड मिनिटाला एक विमान चढत अगर उतरत असतें. त्या एका विमानतळावरून वर्षाकांठीं पांच कोटींहून अधिक उतारू ये-जा करतात. २०११ सालीं अवघ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आंत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या ओघाची कल्पना येईल.

या सर्व गर्दींत पार्ल्याचीं माणसें कोणतीं, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड धरून जो मुंबई उपनगर जिल्हा होतो त्याचीं माणसें कोणतीं ? प्रश्न बालिश वाटतो खरा. परंतु पाण्याचा पुरवठा, विधानसभेंतील जागा आणि शिधापत्रिकेवरील धान्य या तिन्ही गोष्टी अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

एखाद्या गांवीं किती माणसें आहेत, या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें संभवतात. अमुक क्षणीं त्या हद्दींत किती माणसें उभीं, बसलेलीं वा निजलेलीं आहेत, हें एक उत्तर. त्या हद्दींत किती माणसांचें बिऱ्हाड आहे, हें दुसरें. कोंकणांतील एखाद्या खेड्यांत, गणपतीचे दिवस वगळले तर, दोन्ही उत्तरें जवळजवळ सारखींच येतील. मुंबईसारख्या ठिकाणीं तीं कधींच सारखीं येत नाहींत, आणि हा घोळ आजकालचा नाहीं. १८६४ सालीं मुंबई बेटाची मोजणी झाली तेव्हां ८,१६,५६२ माणसें भरलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें त्या वेळीं कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सारा मुलूख मुंबईकडे लोटला होता. युद्ध संपलें, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. आणि १८७२ सालीं पुन्हां मोजणी झाली तेव्हां ६,४४,४०५ माणसेंच उरलीं होतीं. यांपैकीं कोणता आंकडा खरा ? दोन्ही खरे, पण पहिल्या आंकड्यावरून कोणी नळ घातले असते, तर निम्मे कोरडे राहिले असते असें नव्हे, उलट कित्येकांना तोटीच लागली नसती.

१८८१ पासून १९३१ पर्यंत हिंदुस्थानांतील शिरगणती ही एका रात्रीची गणती असे. गणक आधीं घरोघर जाऊन यादी तयार करीत, आणि नेमलेल्या रात्रीं पुन्हां फिरून, त्या घटकेस जो जेथें असेल त्याला तेथेंच मोजीत. त्यासाठीं रात्र निवडतांना मोठी खबरदारी घ्यावी लागे. चांदणी रात्र पाहावी, म्हणजे गणकाला चालतां येईल. मोठी जत्रा, पर्वणी अथवा लग्नाची दाट तीथ टाळावी, म्हणजे माणसें आपापल्या घरीं सांपडतील. जत्रेच्या दिवशीं पंढरपूर मोजलें तर तें मुंबईच्या तोडीचें शहर ठरावयाचें, ही भीति खरीच होती. १९३१ ची रात्र २६ फेब्रुवारीची होती. त्या वर्षीं काँग्रेसनें शिरगणतीवर बहिष्कार पुकारला होता. ज्या पार्ल्यांत आदल्याच वर्षीं मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली होती आणि जमनालाल बजाजांसारखे पुढारी जेथून तुरुंगांत गेले, त्या पार्ल्यांत सरकारी गणकाचें स्वागत कसें झालें असेल, याचा तर्क श्रोत्यांनींच करावा.

१९४१ पासून एका रात्रीची पद्धत सोडण्यांत आली. त्यानंतर कित्येक गणनांत १ मार्चचा सूर्योदय हा संदर्भाचा क्षण धरीत. पुढें त्या दिवसाची मध्यरात्र धरूं लागले. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत वीस दिवस चालली आणि १ ते ५ मार्चपर्यंत, मधल्या काळांतील जन्ममृत्यूंची दुरुस्ती करण्याकरितां, गणक दुसऱ्यांदा फिरले. नियम असा कीं, ज्याचें नेहमींचें राहणें एखाद्या घरीं आहे आणि त्या वीस दिवसांत जो केव्हां तरी तेथें होता, त्याला त्या घरींच मोजावयाचें. वीसहि दिवस जो घराबाहेर राहिला, तो जेथें सांपडेल तेथें मोजावयाचा. म्हणजे नागपूरचें एखादें कुटुंब चार दिवस जुहूच्या हॉटेलांत उतरलें, तर तें नागपुरांतच मोजलें जातें. परंतु त्या हॉटेलच्या मागील खोलींत बारा महिने राहणारा वाढपी पार्ल्यांत मोजला जातो. हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, खाणावळ यांना गणनेंत संस्थांचीं घरें असें मानतात. उघड्यावर राहणाऱ्यांसाठीं एकच रात्र राखलेली असते, ती २८ फेब्रुवारीची. जुन्या एकरात्र-गणनेचा तेवढाच अवशेष आतां शिल्लक आहे.

या रीतीनें २०११ सालीं मुंबई उपनगर जिल्ह्यांत ९३,५६,९६२ माणसें भरलीं. विमानतळावरील उतारू त्यांत नाहींत, चौपाटीवरचे शौकीन नाहींत, कान्हेरीचीं लेणीं पाहावयास आलेली शाळेची सहल नाहीं, वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरांतील जत्रेस येणारे भाविक नाहींत. जे आहेत ते सारे बिऱ्हाडकरू. त्याच वर्षीं कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबईंत ३०,८५,४११ माणसें होतीं. म्हणजे ज्याला लोक अजून ‘उपनगर’ म्हणतात, त्यांत मुख्य नगराच्या तिप्पट वस्ती आहे. ‘मुंबईला जातों’ असें म्हणून चर्चगेटची गाडी पकडणारा पार्लेकर वस्तुतः मोठ्या गांवांतून लहान गांवीं जात असतो. भाषेची संवय आंकड्यांहून चिवट असते, दुसरें काय !

हें कसें घडलें ? साष्टी बेटाचा इतिहास मुंबईच्या इतिहासाहून निराळा आहे. १५३४ पासून तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली आणि दोन वर्षांनीं वसई. पुढें १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला जिंकून ती बळकावली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडेच राहिली. त्या काळचीं माणसें म्हणजे वेसावें, जुहू, मढ, मनोरी, गोराई येथील कोळी. भातशेती आणि मिठागरें करणारे आगरी. माडी काढणारे भंडारी. डोंगरांतील पाड्यांवरचे वारली. आणि पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्ती झालेले, घरीं मराठी बोलणारे गांवकरी. या शेवटच्या समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या पन्नासाव्या राज्यवर्षाच्या निमित्तानें, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव स्वीकारलें, तें गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे आहोंत हें दाखविण्यासाठीं. लोकसंख्येच्या प्रश्नावर नांव बदलून उत्तर देण्याचा मुंबईंतील हा एक जुना दाखला होय.

१८४५ सालीं माहीमचा पूल झाला, १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवली, १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली. तरी साष्टींतलीं गांवें पुढें तीस वर्षें गांवेंच राहिलीं. आगगाडी असली म्हणून माणूस घर सोडीत नाहीं; त्याला घराबाहेर काढणारी वस्तु लागते. ती १८९६ सालीं प्लेगच्या रूपानें आली. १८९१ सालीं आठ लाख एकवीस हजारांवर असलेली बेटाची वस्ती १९०१ सालीं पावणेआठ लाखांवर आली. मोकळ्या हवेची किंमत त्या दहा वर्षांत मध्यम वर्गाला कळली. १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला. त्याचें ठाणें वांद्रें. १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि फोर्टांतील कारकून पार्ल्यास बिऱ्हाड करून दहाच्या ठोक्याला कचेरींत बसूं शकूं लागला.

इर्ले आणि पाडलें या खेड्यांच्या नांवांतून ज्याचें नांव झालें असें सांगतात, त्या विलेपार्ल्याचा आजचा स्वभाव याच थोड्या वर्षांत घडला. १९२० च्या ऑगस्टांत लोकमान्य टिळक निवर्तले. १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय निघालें आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ. म्हणजे वस्ती पुरतीं वसण्यापूर्वींच शाळा आणि सभागृह यांची तजवीज झाली होती. स्वस्त जागा, चांगली शाळा आणि थेट गाडी, या तीन गोष्टी जेथें एकत्र आल्या तेथें कोंकणांतून आणि देशावरून आलेलीं पांढरपेशा कुटुंबें येऊन राहिलीं. १९२९ सालीं निघालेल्या बिस्किटाच्या कारखान्यानें पार्ल्याचें नांव पुढें हिंदुस्थानभर नेलें. तो पार्ल्याचा कारखाना २०१६ सालीं बंद पडला, आणि स्थानकावर उतरतांच येणारा भाजक्या बिस्किटांचा वास त्याबरोबर गेला. त्याच सुमारास, १९२८ सालीं, जुहूस विमानाचें मैदान झालें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. जुहूस हवा खावयास येण्याची चालहि याच काळांत रूढ झाली. १९२४ सालीं आणि पुनः १९४४ सालीं कारागृहांतून सुटल्यावर महात्मा गांधी विश्रांतीसाठीं जुहूसच राहिले होते.

खरा लोंढा आला तो फाळणीनंतर. सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती मुलुंड आणि चेंबूर येथें झाल्या. १९५० सालीं मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ च्या फेब्रुवारींत दहिसर-मुलुंडपर्यंत. आजच्या हद्दीप्रमाणें १९५१ सालीं उपनगरांत ६ लाख ६५ हजारांच्या आसपास माणसें होतीं, आणि बेटावर २३ लाख. १९७१ सालीं उपनगरें २९ लाखांवर आलीं. बेट तीस-एकतीस लाखांवर अडलें. १९८१ सालीं तराजू उलटला : बेट ३३ लाखांच्या आंत, उपनगरें जवळजवळ ५० लाख. १९९१ सालीं उपनगरांचा आंकडा साडेसदुसष्ट लाख झाला आणि २००१ सालीं ८६,४०,४१९. मधें १९९० सालीं उपनगर जिल्हा पुन्हां वेगळा करण्यांत आला, तेंहि याच भारामुळें.

या आंकड्यांत लोक फक्त वाढ पाहतात. त्यांतील ओसरणें सहसा कोणी पाहत नाहीं. १९७१ ते १९८१ या दशकांत उपनगरांची वाढ शेंकडा ७१ होती. पुढच्या दशकांत ती शेंकडा ३६ झाली, त्यापुढच्यांत २८, आणि २००१ ते २०११ मध्यें शेंकडा ८ पूर्णांक ३. बेटावर तर त्या दहा वर्षांत शेंकडा साडेसातांची घटच झाली. मुंबईंत माणसांचा पूर येतो आहे अशी सार्वत्रिक ओरड चालू असतांना हे आंकडे छापून निघाले आणि कोणाच्या फारसे कानांवर गेले नाहींत. माणसें गेलीं कोठें ? त्याच दहा वर्षांत ठाणें जिल्हा, ज्यांतून पुढें २०१४ सालीं पालघर वेगळा झाला तो, शेंकडा ३६ नें वाढून एक कोटी दहा लाखांच्या पुढें गेला. प्लेगनें जें काम बेटाचें केलें, तें काम घरांच्या किंमतींनीं उपनगरांचें केलें. गिरगांवांतून पार्ल्यास आलेल्या कुटुंबाचा नातू आतां बोरिवलीस, डोंबिवलीस किंवा वसईस जागा पाहतो. त्याच्या आजोबांनीं केलेला हिशेबच तो पुन्हां करीत असतो. फक्त दोन स्थानकें पुढें.

पार्ल्यांत या हिशेबाला आणखी एक अडथळा आहे. विमानतळाच्या धांवपट्टीसमोरील पट्ट्यांत इमारतीची उंची नियमानें बांधलेली असते. अन्यत्र तीन मजल्यांची जुनी इमारत पाडून वीस मजल्यांची उठवतात आणि वरचे मजले विकून जुन्या राहणाऱ्यांस नवें घर मिळतें. या पट्ट्यांत वरचे मजलेच चढवितां येत नाहींत; तेव्हां खर्च भागविणारा कोणी पुढें येत नाहीं, आणि साठ वर्षांची इमारत, तिच्यांतील साठीच्या पुढच्या माणसांसह, टेकू लावून उभी असते. पाहुण्यांच्या विमानांसाठीं राहणाऱ्यांच्या छपरांची उंची ठरते, हें पर्यटनप्रधान जिल्ह्याचें वैशिष्ट्य पार्लेकर डोक्यावरून ऐकत असतो.

आतां या ९३ लाखांत कोण कोण आहे तें पाहूं जावें, तर प्रथम डोळ्यांत भरतें तें स्त्रीपुरुषांचें प्रमाण. १९६१ सालीं बृहन्मुंबईंत हजार पुरुषांमागें ६६३ स्त्रिया होत्या. घरदार रत्नागिरीस वा साताऱ्यास ठेवून गिरणींत अगर गोदींत काम करणाऱ्या, खानावळींत जेवणाऱ्या आणि गाळ्यांत पाळीपाळीनें निजणाऱ्या पुरुषांचें तें शहर होतें. उपनगर जिल्ह्यांत २००१ सालीं हा आंकडा ८२२ होता आणि २०११ सालीं ८६०. तोल अजून आलेला नाहीं. तरी दिशा स्पष्ट आहे. पुरुष एकटा येऊन कांहीं वर्षांनीं कुटुंब आणतो, मग मुलें येथेंच जन्मतात. १९२१ सालीं मुंबईंतील रहिवाशांपैकीं शेंकडा सोळाच मुंबईंत जन्मलेले होते. तेव्हांच्या तुलनेनें आजची मुंबई पुष्कळ अधिक ‘मुंबईकरांची’ आहे, हें परप्रांतीयांविषयींच्या वादांत दोन्ही पक्ष विसरतात.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. बृहन्मुंबईंत मराठी ही मातृभाषा सांगणारे २००१ सालीं ४५ लाखांवर होते. २०११ सालीं ते ४४ लाखांवर आले. हिंदी सांगणारे त्याच मुदतींत सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांपर्यंत गेले, आणि गुजराती सांगणारे चौदा लाखांच्या घरांत जवळजवळ स्थिर राहिले. येथें एक खुलासा अवश्य आहे. गणनेच्या कोष्टकांत ‘हिंदी’ या शिरोलेखाखालीं भोजपुरी, राजस्थानी, मारवाडी अशा कित्येक बोली एकवटलेल्या असतात. म्हणून ‘हिंदी भाषिक’ ही एक जात, एक प्रांत किंवा एक मत असलेली जमात नव्हे. तरी मराठीचा आंकडा वाढत्या शहरांत वाढला नाहीं, उलट लाखभरानें घटला, ही गोष्ट उरतेच. आणि तिचें कारण मुख्यतः येणारे लोक नसून जाणारे लोक होत. पार्ल्याच्या पूर्वेस ज्या घरांत तीन पिढ्या मराठी बोलली गेली, त्या घरचा मुलगा पुण्यास, बंगळूरास किंवा न्यू जर्सींत असतो. त्याच्या खोलींत कपाट तसेंच असतें, पण गणकाच्या तक्त्यांत त्याची ओळ नसते.

जिल्ह्यांत भाषांची वांटणीहि सारखी नाहीं. पार्ल्याच्या पूर्वेस मराठी तर पश्चिमेस गुजराती अधिक कानीं पडते. घाटकोपर आणि मुलुंड येथें गुजराती व कच्छी व्यापारी मोठ्या संख्येनें आहेत, चेंबुरास तमिळ आणि सिंधी. ज्या मालाडला १९३४ सालीं बाँबे टॉकीज निघालें आणि ज्या गोरेगांवास १९४३ सालीं फिल्मिस्तान, तेथें चित्रपटाच्या धंद्यानें पंजाबपासून बंगालपर्यंतचीं माणसें आणलीं.

येणाऱ्यांवर राहणाऱ्यांचा किती भार असतो, किंवा राहणाऱ्यांवर येणाऱ्यांचा, हें ठरविणें अवघड. विमानतळावर सामान चढविणारा, हॉटेलांत चादरी बदलणारी, टॅक्सी हांकणारा, चौपाटीवर शहाळीं विकणारा, गोरेगांवच्या चित्रनगरींत दिवे धरणारा हे सारे येणाऱ्यांवर जगतात. आणि ते ज्या वस्तींत राहतात ती पुष्कळदां विमानतळाच्या भिंतीला टेकलेली झोपडपट्टी असते. २००१ सालीं बृहन्मुंबईंत शेंकडा ५४ लोक झोपडपट्टींत राहत होते. २०११ सालीं शेंकडा ४२ च्या आंत. ही उतरण खरी आहे, पण सारी सुखाची नाहीं. कांहींना पक्कीं घरें मिळालीं, कांहींना हद्दीबाहेर जावें लागलें.

दाटीचा आंकडाहि असाच जपून वाचावा लागतो. जिल्ह्याचें क्षेत्र ४४६ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरास सुमारे २१ हजार माणसें येतात. परंतु राष्ट्रीय उद्यानाचा या जिल्ह्यांत मोडणारा भाग सुमारे ४४ चौरस किलोमीटर आहे, आरे वसाहत जवळजवळ १३, विमानतळ साडेसात. एवढींच तीन क्षेत्रें वगळलीं तरी दाटी साडेचोवीस हजारांवर जाते. तळीं, खारफुटी आणि मिठागरें वजा केलीं तर आणखी चढते. बिबळ्या जेथें रात्रीं निर्वेध हिंडतो आणि एका खोलींत सहा माणसें जेथें पाय दुमडून निजतात, अशीं दोन स्थळें या जिल्ह्यांत एका भिंतीच्या अंतरावर आहेत. सरासरी त्यांना एकाच पंक्तीस बसविते. महापालिकेच्या विभागांत एकट्या मालाडच्या पी उत्तर विभागांत २०११ सालीं नऊ लाखांवर वस्ती होती, म्हणजे कित्येक संबंध जिल्ह्यांच्या तोडीची.

या मोजणीवर काय अवलंबून असतें, तें २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेनें दाखवून दिलें. त्यापूर्वीं विधानसभेंत मूळ मुंबईच्या १७ आणि उपनगरांच्या १७ जागा होत्या. १९७१ च्या गणनेंत दोन्ही भाग जवळजवळ समान असल्यानें ती वांटणी त्या वेळीं रास्त होती. १९८१ पासून ती अन्यायाची झाली, तरी आणखी पाव शतक तशीच चालली. २००१ च्या गणनेवरून नवी रचना झाली तेव्हां शहराकडे १० आणि उपनगराकडे २६ जागा आल्या. तेवढीं वर्षें बोरिवलीच्या मतदाराचें मत गिरगांवच्या मतदाराच्या मताहून हलकें तोललें जात होतें.

पाण्याची गोष्ट याहून रोजची आहे. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी बेटावर गेलें, आणि १८७९ सालीं तुळशीचें. हीं दोन्ही तळीं उपनगर जिल्ह्यांत आहेत. पण आतां तीं एकूण पुरवठ्याचा अगदीं लहान वांटा देतात. बाकीचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा या खोऱ्यांतून शंभर-शंभर किलोमीटरांवरून येतें. महापालिकेच्या दीर्घकाळच्या दंडकाप्रमाणें इमारतींतील माणसास दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टींतील माणसास ४५ लिटर धरले जात. माणूस कोठें मोजला गेला एवढ्यावर त्याची तहान तिप्पट अथवा एकपट ठरते. आणि हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्याचें स्नान कोणाच्या वांट्यांतून जातें, हें या दंडकांत कोठेंच लिहिलेलें नसतें. धान्याचेंहि तसेंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें स्वस्त धान्य मिळणाऱ्यांची संख्या २०११ च्या गणनेवरून बांधली गेली. त्यानंतर जन्मलेलें मूल किंवा आलेलें कुटुंब त्या आंकड्यांत नव्हतेंच.

पुढची गणना २०२१ सालीं व्हावयाची होती. साथीमुळें ती लांबली, आणि १८८१ पासून न चुकलेला दहा वर्षांचा नेम प्रथमच मोडला. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा नवा क्षण ठरविण्यांत आला. या गणनेंत गणकाच्या हातीं कागदाच्या तक्त्याऐवजीं भ्रमणध्वनि असावयाचा आणि जातीचीहि नोंद व्हावयाची.

पार्ल्यांतील गणकापुढें तेव्हां कांहीं अडचणी येतील त्या आजच सांगतां येण्यासारख्या आहेत. जुनी इमारत पाडल्यामुळें तीन वर्षांसाठीं भाड्यानें कांदिवलीस राहणारें कुटुंब कांदिवलींतच मोजलें जाईल. परत येण्याचा त्याचा निश्चय गणनेला दिसत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलाचें नांव आई आग्रहानें सांगेल, आणि गणकाला तें वगळावें लागेल. प्रवाशांस दोन-चार दिवसांच्या बोलीनें भाड्यानें दिलेल्या सदनिकेचें दार उघडेल, आंत निराळींच माणसें असतील, आणि तीं आपल्या गांवीं मोजलीं गेलेलीं अथवा जावयाचीं असतील. ती सदनिका घर म्हणून असेल, पण माणसांच्या हिशेबीं रिकामी. पुलाखालीं निजणाऱ्यांची गांठ दिवसा पडणारच नाहीं. त्यांच्यासाठीं २८ फेब्रुवारीच्या रात्रीं, शेवटच्या गाडीचीं माणसें पांगल्यावर, जुहूकडून आलेल्या पाहुण्यांनीं रिकामा केलेला स्थानकाचा जिना उतरून गणकाला पदपथावर यावें लागेल, आणि निजलेल्याला हलकेंच उठवून त्याचें नांव, वय आणि मूळ गांव विचारावें लागेल.